नावातला ‘जी’ : एका आवृत्ति-संघर्षाचा इतिहास

डेबियन ह्या लिनक्स-वितरणात माहितीचे आकारमान कमी करणारी ‘झेडलिब’ नावाची एक लायब्ररी आहे. तिच्या पॅकेजचे नाव आहे ‘झेडलिब१जी’. ह्यातील पहिला भाग वस्तूचे नाव सांगतो, आकडा तिची पिढी सांगतो. मात्र शेवटचा ‘जी’ आज काहीच सांगत नाही. जुन्या गावनावात लोप पावलेला एखादा शब्द अडकून राहावा, तसा तो तेथे राहिला आहे. त्याचा उगम १९९७-९८ मधील एका संघर्षात आहे. आवृत्त्यांमधला तंटा मिटतो म्हणजे नेमके काय होते, हे ह्या एका अक्षरावरून चांगले उलगडते.

आधी तंट्याचे स्वरूप पाहू. लिनक्सचे वितरण म्हणजे अनेक हातांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या हजारो प्रोग्रामांचे एकत्रित संपादन होय. पुष्कळ प्रोग्रामांना लागणारी समान कामे लायब्ररीत ठेवलेली असतात आणि तिची एकच प्रत सर्वजण वापरतात. जागा वाचते, दोष सापडला तर एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. परंतु एका प्रोग्रामला लायब्ररीची जुनी पिढी हवी असेल आणि दुसऱ्याला नवी, तर हीच काटकसर संकट ठरते. १९९३ साली आलेले स्लॅकवेअर अशा अवलंबनांची नोंदच ठेवत नसे. डेबियनचे ‘डीपीकेजी’ आणि रेड हॅटचे ‘आरपीएम’ ही साधने १९९० च्या दशकाच्या मध्यास आली आणि प्रत्येक पॅकेजला काय हवे, कोणाशी त्याचे जमत नाही, हे लिहून ठेवण्याची रीत रुळली. तरीही ही साधने उणीव दाखवून थांबत. ती भरून काढणे वापरकर्त्याकडे राही. एका पॅकेजसाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे शोधत फिरण्याच्या ह्या अवस्थेला ‘अवलंबनांचा नरक’ असे नाव पडले.

ह्या नरकाचे सर्वांत मोठे दर्शन घडले ते सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या निमित्ताने. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. लिनक्सच्या आरंभीच्या वर्षांत ग्नू प्रकल्पाच्या लायब्ररीची एक वेगळी शाखा काढून ती लिनक्ससाठी वाढवण्यात आली. तिची पाचवी पिढी म्हणजे ‘लिबसी५’. मूळ प्रवाहही थांबला नव्हता. १९९७ च्या आरंभी ‘जीलिबसी’ची दुसरी आवृत्ती आली आणि लिनक्सजगताने शाखा सोडून मूळ प्रवाहाकडे परतायचे ठरवले. लिनक्सवर ती ‘लिबसी६’ म्हणून ओळखली गेली. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल : एका मूळ संहितेच्या दोन परंपरा झाल्या, दोहोंतही भर पडत गेली आणि पुढे एकीच्या आधारे संपूर्ण वाङ्मय नव्याने संपादित करण्याची वेळ आली.

फरक एवढाच की येथे दोन्ही पाठ एकाच वेळी जिवंत ठेवणे भाग होते. जुने प्रोग्राम एका रात्रीत नव्याने घडवता येत नव्हते. दोन्ही लायब्ऱ्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकत. पण एकाच चालू प्रोग्राममध्ये दोन्ही शिरल्या, तर तो कोसळण्याचा धोका असे. आणि झेडलिबसारखी लायब्ररी तर स्वतःच ह्यांपैकी एकीवर बेतलेली असते. डेबियनने ह्यावर शोधलेला उपाय व्याकरणाचा म्हणावा असा होता. नव्या पायावर घडवलेल्या लायब्रऱ्यांच्या नावाला ‘जी’ हा प्रत्यय लावायचा. नावे वेगळी झाली, म्हणजे वस्तू वेगळ्या झाल्या. संघर्ष उरला नाही. २४ जुलै १९९८ रोजी डेबियन २.० प्रसिद्ध झाले, तेव्हा दीड हजारांहून अधिक पॅकेजांचे वितरण नव्या पायावर आले होते. जुन्या यंत्रणेवरून ह्या आवृत्तीकडे येताना पॅकेजे ठरावीक क्रमानेच बसवावी लागत. आज्ञा स्वीकारणारा ‘बॅश’ हा प्रोग्रामच मध्ये मोडला, तर पुढची दुरुस्ती कोणाच्या तोंडून सांगायची, असा तो पेच होता.

पुढच्या काळात क्रम लावण्याचे काम यंत्राकडे गेले. डेबियन २.१ बरोबर १९९९ साली ‘एपीटी’ आले. हवी ती पॅकेजे ते स्वतःच शोधून आणू लागले. २००६ साली ‘ईडॉस’ ह्या युरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी दाखवून दिले की, दिलेले पॅकेज बसवता येईल की नाही हा प्रश्न गणिती दृष्ट्या ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातला आहे. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी कोणतीही रीत आज ज्ञात नाही. त्याच वर्षी उट्रेख्ट विद्यापीठातील एल्को डॉल्स्ट्रा ह्यांच्या प्रबंधाने ‘निक्स’ची मांडणी केली. तेथे प्रत्येक पॅकेजला त्याच्या घडणीतील सर्व घटकांवरून काढलेल्या अक्षरमालेचा स्वतंत्र पत्ता मिळतो आणि कितीही आवृत्त्या शेजारी राहू शकतात. हा त्या ‘जी’चाच तर्क, शेवटपर्यंत नेलेला. किंमत मोजावी लागते ती जागेची. शिवाय पायातली एखादी लायब्ररी दुरुस्त केली की तिच्यावर उभे असलेले सारे पुन्हा घडवावे लागते.

आणि २०२४ साली इतिहासाने तोच प्रत्यय पुन्हा लावला. काळ मोजणारा ३२ बिटांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून वाहणार आहे. तो ६४ बिटांचा करण्यासाठी डेबियनने शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट जोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ही नावे स्थिरावली. ज्या ६४ बिटांच्या संगणकांवर हा आकडा आधीच मोठा होता, तेथेही नाव बदललेच.

गणित उपलब्ध पर्यायांतून निवड करून देते. पर्याय निर्माण करणे मात्र त्याच्या हाती नसते. दोन गोष्टी आता एक राहिलेल्या नाहीत, हे कोणीतरी ओळखावे लागते, त्यांना वेगळी नावे द्यावी लागतात आणि शेकडो लोकांनी ती पाळावी लागतात. आवृत्त्यांचा संघर्ष मिटवणे हे अखेर नामकरणाचे आणि सामूहिक संमतीचे काम आहे. काम झाले की कारण विसरले जाते. नाव मात्र राहते. कारण ते बदलायचे तर त्यावर विसंबलेल्या सर्वांना पुन्हा हलवावे लागेल. ‘झेडलिब१जी’ उच्चारताना आपण एका संपलेल्या तहाचे शेवटचे अक्षर उच्चारत असतो.