पखवाजाला हात कां मिळत नाहींत

भोगावतीच्या कांठचें पेण आणि कुंडलिकेच्या कांठचें रोहा या दोन गांवांच्या मधल्या टापूंत भजन हें केवळ देवळापुरतें नाहीं. हरिनाम सप्ताह असो, गोकुळाष्टमी असो, गणपतीचे दिवस असोत कीं कोणाच्या घरची पूजा असो, रात्रीं भजनी मंडळी बसल्यावांचून तें कार्य पुरें झालें असें गांवाला वाटत नाहीं. अशा मंडळींत टाळ वाजविणारे वीस मिळतात. पेटीवर बसावयास दोघे-तिघे पुढें सरसावतात. अभंग म्हणावयास तर कोणाला आग्रहच करावा लागत नाहीं. अडतें तें एका ठिकाणीं. पखवाज गवसणींत भिंतीशीं पडून असतो आणि तो वाजविणारा शेजारच्या गांवाहून यावयाचा असतो. तो दुसऱ्या एखाद्या सप्ताहांत गुंतला, म्हणजे बुवांचा गळा आणि टाळकऱ्यांचा उत्साह दोनही तसेच अडून राहतात.

याचें कारण विचारलें तर वडीलधारीं माणसें बहुधा एकच उत्तर देतात, कीं हल्लींच्या मुलांना तालाची आवड उरली नाहीं. उत्तर सोपें आहे, परंतु खरें नाहीं. गणपतीच्या मिरवणुकींत ढोलताशाचें पथक निघालें म्हणजे हींच मुलें घामानें निथळेपर्यंत ढोल वाजवितात. रोह्यास विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशीं ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हां खालूबाजाच्या सनई-ढोलाभोंवतीं तरुणांचीच दाटी होते. सारांश, चामड्यावर पडणाऱ्या थापेचें वेड ओसरलेलें नाहीं. पखवाजालाच हात मिळत नाहींत, याचें कारण त्याच्या घडणींत, त्याच्या इतिहासांत आणि तो शिकण्याच्या रीतींत शोधलें पाहिजे.

पखवाज म्हणजे आंतून कोरलेलें एकसंध लांकडी खोड. खैर, शिसव यांसारख्या कठीण लांकडाचें तें असल्यामुळें वाद्य वजनदार होतें. उजवें तोंड लहान. त्यावर शाईचा कायमचा थर असतो. डावें तोंड मोठें. त्यावर दर वेळीं वाजविण्यापूर्वीं कणकेचा ओला गोळा थापावा लागतो आणि बैठक संपली म्हणजे तो खरडून काढावा लागतो. वादींत बसविलेले गठ्ठे हातोडीनें ठोकून उजवें तोंड सुराला लावावयाचें, आणि कणीक कमी-अधिक करून डाव्याचा खर्ज सांभाळावयाचा. ही सारी सिद्धता पहिली थाप पडण्याच्या आधींची! तबल्याचे बोल पुष्कळसे बोटांनीं निघतात. पखवाजाला मात्र उघडा, सबंध पंजा लागतो. खांद्यापासून बोटांच्या टोंकांपर्यंत सगळा हात त्यांत राबतो.

असें हें श्रमाचें वाद्य एके काळीं राजदरबारीं मानाचें होतें. ध्रुपद-धमाराच्या गायकीस पखवाजावांचून गति नव्हती. बारा मात्रांचा चौताल, चौदा मात्रांचा धमार, दहा मात्रांचा सूलताल हे त्याचे खास ताल. एकोणिसाव्या शतकांत दतियाचे कुदऊसिंग आणि इंदूरच्या होळकर दरबारचे नाना पानसे हीं या विद्येचीं दोन मोठीं पीठें होतीं. नाना मूळचे वाईकडील. त्यांच्या शिष्यशाखेनें महाराष्ट्रांत आणि माळव्यांत मृदंगाची विद्या पसरविली. त्या काळीं पखवाजी हा गवयाच्या मागें बसणारा साथीदार नव्हता. तो गवयाशीं बरोबरीनें झुंजणारा गुणी होता.

परंतु ज्या गायकीच्या आधारानें हें वैभव उभें होतें, तीच हळूहळू मागें पडत होती. दिल्लीचा बादशहा महंमदशहा १७१९ ते १७४८ पर्यंत गादीवर होता. त्याच्या पदरीं असलेल्या नियामतखां ऊर्फ सदारंग यांच्या हातून ख्यालाला प्रतिष्ठा मिळाली, आणि ख्यालाच्या नाजूक फिरतीला पखवाजाचा घनगंभीर नाद जड वाटूं लागला. तेथें तबला आला. महाराष्ट्रांत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरचा ख्याल रुजविला, तेव्हां त्याच्याबरोबर तबलाही घरोघर पोंचला. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यास रंगभूमीवर आलें आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. त्या रंगभूमीनेंही तबल्यालाच जवळ केलें. पुढें अहमदजान थिरकवांसारखा तबल्याचा बादशहा बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत साथीला बसूं लागला, मग तबल्याची मोहिनी प्रेक्षकांवर पडली यांत नवल तें कोणतें?

यंत्रांनींही तोच कौल दिला. हिंदुस्थानांत १९०२ सालीं ग्रामोफोनच्या तबकड्या भरूं लागल्या. एका बाजूला सुमारें तीन मिनिटें! तेवढ्यांत ठुमरी मावते, नाट्यपद मावतें. ध्रुपदाचा सावकाश आलाप कोठून मावणार? १९२७ च्या जुलैंत मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि घरबसल्या गाणें ऐकूं येऊं लागलें. पण त्या गाण्याच्या पाठीशीं बहुतेक वेळां तबलाच होता. कानाला जें नित्य ऐकूं येतें, तेंच शिकावेंसें मुलाच्या मनांत येतें. अल्लारखां आणि झाकीर हुसेन या पितापुत्रांनीं तर तबल्याची कीर्ति जगभर नेली. २०२४ च्या डिसेंबरांत झाकीर हुसेन निवर्तले, तेव्हां ज्यांनीं कधीं मैफल पाहिली नव्हती अशा घरांतही हळहळ व्यक्त झाली. पखवाजाच्या वांट्याला असा सर्वतोमुखी झालेला पुरुष आला नाहीं.

तरीही पखवाज मेला नाहीं, कारण त्याला दुसरें घर होतें. दरबार सुटला तरी वारकऱ्यांच्या दिंडींत, कीर्तनांत आणि भजनांत मृदंगाची जागा अढळ राहिली. १९१७ सालीं जोगमहाराजांनीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तनाबरोबर मृदंगाचें शिक्षणही आळंदीच्या परिसरांत परंपरेनें होत आलें. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई; त्या जुन्या कुलाब्यांतील गांवोगांवच्या देवळांनींही हेंच काम आपल्या परीनें केलें. तेथें वर्ग नव्हता कीं परीक्षा नव्हती. मुलगा बापाच्या किंवा मामाच्या मांडीशीं बसे, कणीक मळून देई, गवसणी वाहून नेई आणि आठ मात्रांचा भजनी ठेका गुडघ्यावर वाजवीत राही. वर्षा-दोन वर्षांनीं, रात्र उलटून गेल्यावर आणि जाणत्या श्रोत्यांना पेंग आल्यावर, मामा हळूच वाद्य त्याच्या पुढ्यांत सरकवी. ती उत्तररात्र हीच त्याची शाळा!

ही शाळा कशी मोडली, हें पाहण्यासारखें आहे. कोंकणांतील कर्ते पुरुष पूर्वींपासून मुंबईच्या गिरण्यांत जात. पण तेथल्या चाळींतही भजनी मंडळें होतीं आणि चाकरमानी सणाला परतला कीं तोच ठेका घेऊन परते. १९८२ च्या जानेवारींत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगांव विसकटलें तसें हेंही सूत्र सैल झालें. इकडे रोह्याजवळ धाटाव येथें रसायनांचे कारखाने उभे राहिले. गांवाजवळ रोजगार मिळाला हें चांगलेंच झालें; परंतु कारखान्याच्या पाळ्या तिथि-वार जाणत नाहींत. ज्याला पहाटे पाळीवर जावयाचें, तो उत्तररात्रीपर्यंत मुलाला मांडीशीं घेऊन कसा बसणार? शाळा बुडाली ती आवड आटली म्हणून नव्हे; रात्र आंखूड झाली म्हणून.

आतां शिकण्याच्या रीतीकडे वळावें. टाळकरी चुकला तर वीस टाळांच्या नादांत ती चूक बुडून जाते. पेटीवाला क्षणभर थांबला तर गाणें पुढें जातें. पखवाजी मात्र एकटा असतो. त्याची सम चुकली कीं सारी मंडळी माना वर करून पाहते. आणि त्यानें रात्रभर बिनचूक वाजविलें, तर सकाळीं वाहवा होते ती बुवांच्या गळ्याची. चुकीचें माप मोठें आणि यशाचें माप लहान, अशा आसनावर नवशिक्या आपण होऊन कसा बसेल?

ही गोष्ट एकट्या कोंकणाची नव्हे. परदेशांत दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसून तालावर खेळावयाचे खेळ निघाले आहेत. २००७ सालीं अमेरिकेंत ‘रॉक बँड’ नांवाचा असा खेळ आला. त्यांत कोणी गिटार घ्यावी, कोणी गावें, कोणी ड्रम वाजवावा. गिटार खेळण्यांतली, पांच बटणें दाबलीं आणि पट्टी हलविली कीं झालें. त्यानें खरी गिटार येत नाहीं, पण वाजविल्याचा आनंद मिळतो. ड्रमाची गोष्ट निराळी. चार तबकड्या दोन हातांनीं आणि एक पायपट्टी पायानें, अशीं तिन्हीं अंगें वेगवेगळीं चालवावीं लागतात. म्हणजे तो खेळ राहत नाहीं, जवळजवळ खरें वादनच होतें. म्हणून गिटारीला पुष्कळ हात मिळतात आणि ड्रमाला थोडे. सुराचें सोंग आणतां येतें. तालाचें सोंग आणतां येत नाहीं.

याच्या उलट उदाहरण जपानांत आहे. तेथल्या मोठ्या ढोलाला ताइको म्हणतात. त्यावर रचलेला ‘ताइको नो तात्सुजिन’ हा खेळ २००१ सालीं निघाला आणि कमालीचा लोकप्रिय झाला. त्यांत आघात मुळांत दोनच: एक मध्यावर, एक कडेवर. लहान मूलही पहिल्याच दिवशीं गाण्याबरोबर चालूं लागतें. आणि ज्याला पुढें जावयाचें, त्याच्यासाठीं अवघडाच्या पायऱ्या एकीवर एक ठेवलेल्या आहेत. ढोल तोच, कष्टही शेवटीं तेवढेच. फरक एवढाच कीं पहिली पायरी जमिनीला टेकलेली आहे.

हेंच तत्त्व समजण्यासाठीं जपानास जाण्याचें कारण नाहीं; पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तें रोज दिसतें. तेथें नवा मुलगा माती मळतो, मग सांच्यांत दाबतो, मग मूर्ति घासतो, मग सपाट रंग देतो. डोळ्यांची आंखणी मात्र कसबी हातांचीच. पण माती मळणाराही त्या मूर्तीचा वांटेकरी असतो. त्याला बसावयास जागा आहे आणि पुढें सरकावयास वाट आहे.  भजनांत टाळ आणि पखवाज यांच्या मधली पायरीच नाहीं. गांवांत वाद्य एक, वाजविणारा एक, आणि तोही एक दिवस थकणार.

पखवाजी न मिळाल्यास कित्येक ठिकाणीं विजेवर चालणारी तालपेटी लावतात. ती ठेका चुकत नाहीं, हें खरें. परंतु बुवांनीं एखादा शब्द आर्ततेनें लांबविला तर ती थांबत नाहीं. गजर रंगात आला तर ती आपण होऊन चढत नाहीं. रूपाच्या अभंगापासून गौळणीपर्यंत रात्र कशी वर न्यावी आणि कोठें विसावूं द्यावी, हें ज्ञान कोणत्याही पोथींत लिहिलेलें नाहीं. तें पखवाज्याच्या हातांत असतें. तो हात गेला म्हणजे गांवची एक पोथीच गेली.

उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं. सप्ताहाच्या वर्गणींतून मंडळानें एक दुसरा, लहान पखवाज घ्यावा आणि तो गवसणींत न ठेवतां मुलांच्या हातीं द्यावा. भजनाची पहिली घटका, आठ मात्रांच्या साध्या ठेक्यापुरती, दर वेळीं एका नवशिक्याची म्हणून राखून ठेवावी. म्हणजे उत्तररात्रीची जी शाळा मोडली, ती दिवेलागणीला पुन्हां भरेल. मुलगींही त्यांत असावीं. थाप मुलाची कीं मुलीची हें चामड्याला कळत नाहीं. आणि बैठक संपल्यावर बुवांच्या बरोबरीनें पखवाज्यालाही नारळ द्यावा. ज्या आसनाला मान आहे आणि ज्याची पहिली पायरी जमिनीला टेकली आहे, तें आसन फार दिवस रिकामें राहत नाहीं.