वाळूच्या गाड्यांना जीपीएस आहे, मग चोरीची वाळू सापडत का नाही?

१ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावात राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो सुरू झाला. उद्घाटन केलं तेव्हाचे महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील यांनी, तेही याच जिल्ह्यातले. लोकांच्या लक्षात राहिला तो ६०० रुपये ब्रासचा भाव. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि गाडीभाडं वेगळं. त्या योजनेतली दुसरी अट मात्र फारशी चर्चेत आली नाही: वाळू नेणाऱ्या गाडीला जीपीएस हवाच.

खरं तर हा नियम त्याहून जुना. वाळू, मुरूम, खडी अशी गौण खनिजं वाहणाऱ्या गाड्यांना १ जानेवारी २०२२ पासूनच राज्यात जीपीएस बंधनकारक आहे. तरीही गोदावरी, प्रवरा, मुळा, भीमेच्या पात्रातून रात्री वाळू उपसल्याच्या आणि महसूल पथकाने डंपर पकडल्याच्या बातम्या अहिल्यानगर जिल्ह्यात थांबलेल्या नाहीत. असं का?

सॅटेलाइटला गाडी दिसतच नाही

व्हॉट्सॲपवर अनेकांचा समज असतो की वरून सॅटेलाइट गाडीवर नजर ठेवतो. तसं होत नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त सांगत राहतात, 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत.' गाडीतलं यंत्र हा संदेश ऐकतं आणि तो पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतं. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की स्वतःची जागा कळते. हिशोब फार नाजूक असतो. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

पण यंत्राला जागा कळली म्हणून तहसीलदारांना कळत नाही. यंत्रात सिमकार्ड असतं, ते मोबाइल नेटवर्कवरून ही माहिती सर्व्हरला पाठवतं. म्हणजे गाडी स्वतःहून आपला ठावठिकाणा सांगते, म्हणून तो कळतो. रेंज गेली तर चांगली यंत्रं माहिती साठवून नंतर पाठवतात. यंत्रच काढून ठेवलं, तर वरचे सगळे उपग्रह असून नसल्यासारखे.

पकडलं कोण जातं?

राज्य सरकारची 'महाखनिज' नावाची ऑनलाइन प्रणाली आहे. वाळू भरली की तिथून वाहतूक पास निघतो. गाडी नोंदलेली आणि जीपीएस चालू असेल तरच तो मिळावा, अशी रचना. वाळूघाटाभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण आखता येतं, त्याला जिओ-फेन्सिंग म्हणतात. गाडी त्यातून किती वेळा आत-बाहेर झाली हे नोंदलं जातं. एकाच पावतीवर तीन-चार खेपा मारण्याची जुनी युक्ती इथे उघडी पडते.

म्हणजे जीपीएस सापळा लावतो तो पास काढणाऱ्याला. ज्या ट्रॅक्टरने नोंदणीच केली नाही, पासही काढला नाही, तो सर्व्हरच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. त्याला पकडायला आजही तलाठी, तहसीलदार किंवा पोलिसांचं पथकच रस्त्यावर उतरावं लागतं. या कामात पथकांवर हल्लेही झालेत. पकडल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडी जप्त होते. इकडे नदीकाठच्या विहिरींचं नुकसान होऊन गेलेलं असतं, कारण पाणी धरून ठेवणारी वाळूच गेलेली असते.

२०२५ मध्ये राज्याचं नवं वाळू धोरण आलं. डेपो पद्धत गेली, लिलाव परतले, घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत वाळू ठरली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधिमंडळात आणखी एक बदल जाहीर केला: पास असेल तर वाळू वाहतूक २४ तास. सोबत घाटांना जिओ-फेन्सिंग, सीसीटीव्ही आणि गाड्यांना जीपीएस. दिवसा उपसलेली वाळू रात्री नेता येत नव्हती, ती अडचण यातून सुटते. पण मध्यरात्री दोनला वाळूचा हायवा दिसला, तर केवळ वेळेवरून तो चोरीचा आहे असं आता म्हणता येणार नाही. थांबवून पास बघावाच लागेल.