ब्रेटन वुड्स ते भारत मंडपम : राष्ट्रोदयाची परिभाषा आणि चिंतामणराव देशमुख

'उदयोन्मुख बाजारपेठ' ही संज्ञा 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातील अर्थतज्ज्ञ आंत्वान व्हान आग्टमाल यांनी प्रचारात आणली. 'तिसरे जग' या शब्दप्रयोगाने गुंतवणूकदार बिचकतात, म्हणून आशादायी नावाची निकड भासली होती. पुढे 2001 मध्ये गोल्डमन सॅक्सच्या जिम ओ'नील यांनी ब्राझील, रशिया, भारत व चीन यांच्या आद्याक्षरांपासून 'ब्रिक' हा शब्द घडविला. दोन्ही संज्ञांमागील दृष्टी गुंतवणूकदाराची आहे. या परिभाषेच्या आधारे भारताच्या उदयाचा इतिहास लिहिला गेला, तर तो साहजिकच 1991 च्या उदारीकरणापासून सुरू होतो आणि त्यापूर्वीचा काळ केवळ प्रतीक्षेचा ठरतो. चिंतामणराव देशमुख यांची कारकीर्द या कालगणनेविषयी पुनर्विचार करावयास लावते.

रायगड जिल्ह्यातील नाते या गावी 1896 मध्ये जन्मलेले देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्स येथील परिषदेस गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होते. देशमुख, षण्मुखम चेट्टी व ए. डी. श्रॉफ हे त्यातील भारतीय सदस्य. शिष्टमंडळाने मुख्यत्वे दोन मागण्या मांडल्या. आर्थिकदृष्ट्या अविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हे नाणेनिधीचे एक उद्दिष्ट असावे, ही पहिली. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या पौंड-शिलकीची सोडवणूक निधीमार्फत व्हावी, ही दुसरी. युद्धाच्या अखेरीस ही शिलक सुमारे 130 कोटी पौंडांवर पोहोचली होती. म्हणजे सत्ताधारी देश हाच शासित देशाचा ऋणको होता. दुसरी मागणी फेटाळली गेली. पहिलीबाबत तडजोड झाली : 'अविकसित देश' हा उल्लेख गळला आणि 'सर्व सदस्यांची उत्पादक साधने' असा निर्विशेष शब्दप्रयोग सनदेत आला. विषमतेचा निर्देश करणारे विशेषण वगळणे हा भाषिक निर्णय होता, तसाच तो राजकीयही होता.

नाणेनिधीत भारताला 40 कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. तो क्रमाने सहावा होता. परंतु सोव्हिएत संघ सदस्य न झाल्याने भारत पाचव्या स्थानी आला आणि कार्यकारी संचालक नेमण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला. 1970 मध्ये हे स्थान जपानकडे गेले. 2016 मध्ये अमलात आलेल्या सुधारणेनंतर सुमारे 2.75 टक्के हिश्श्यासह भारत आठव्या क्रमांकावर पोहोचला. 2022 मध्ये एकूण उत्पादनात ब्रिटनला मागे टाकून भारत जगात पाचवा ठरला असला, तरी अर्थव्यवस्थेचा आकार आणि निर्णयाधिकार यांतील अंतर त्यामुळे मिटले नाही. दरडोई उत्पन्नाच्या क्रमवारीतही देश बराच खाली राहिला. उदयाची रेषा सरळ नाही, हे यावरून स्पष्ट होते.

देशमुखांचे अर्थमंत्रिपद 1950 ते 1956 या काळातले. पहिली पंचवार्षिक योजना, स्टेट बँकेची स्थापना व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण याच कालखंडातील. मात्र मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाला विरोध करून 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राष्ट्राच्या आर्थिक उभारणीचा एक प्रमुख शिल्पकार भाषिक प्रांताच्या हक्कासाठी दिल्लीतील सत्तास्थान सोडतो, ही घटना संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासापुरती मर्यादित ठेवता येत नाही. राष्ट्रोदय कोणाच्या संमतीने व्हावा, हा प्रश्न तिने उपस्थित केला. राजधानीशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, 1962 पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि लोधी इस्टेटमधील इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी ही त्यांची पुढील कार्यक्षेत्रे. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणाऱ्या आणि संस्कृतात काव्यरचना करणाऱ्या या प्रशासकाच्या दृष्टीने विद्या व अर्थव्यवहार ही परस्परांपासून तुटलेली क्षेत्रे नव्हती.

ब्रेटन वुड्सची अपुरी राहिलेली मागणी नंतर नवी दिल्लीतच वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा मांडली गेली. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन येथे भरले. 1983 मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद झाली. दरम्यान 1991 मध्ये परकीय चलनाच्या टंचाईपायी सुमारे 47 टन सोने विदेशी बँकांकडे ठेवावे लागले. 2012 च्या दिल्लीतील 'ब्रिक्स' परिषदेने विकास बँकेची कल्पना विचारार्थ घेतली. 2014 च्या करारान्वये स्थापन झालेल्या त्या बँकेत पाचही संस्थापकांना समान मताधिकार मिळाला. गुंतवणूकदारांसाठी घडविलेले आद्याक्षरी नाव राष्ट्रांनी स्वतःच्या मागणीसाठी वापरले, हा अर्थांतराचा लक्षणीय नमुना होय. सप्टेंबर 2023 मध्ये प्रगती मैदानावरील भारत मंडपमात जी-20 परिषदेने आफ्रिकी संघाला सदस्यत्व दिले, तेव्हा प्रतिनिधित्वाचा तोच जुना प्रश्न पुढे सरकला होता.

'अविकसित', 'तिसरे जग', 'उदयोन्मुख बाजारपेठ' आणि 'ग्लोबल साउथ' ही नामावली म्हणजे एकाच राष्ट्राची क्रमवार प्रगतिपुस्तके नव्हेत. त्यांपैकी प्रत्येक नावामागे कोण बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो, हे तपासणे तौलनिक अभ्यासाचे काम आहे. 1944 मध्ये सनदेतून गळलेले एक विशेषण त्या तपासणीचा आरंभबिंदू ठरू शकते.