ग्रानादाची चहागृहे
दक्षिण स्पेनमधील ग्रानादा शहराच्या अल्बाइसिन या जुन्या भागात, विशेषतः काल्देरेरिया नुएवा या चढणीच्या अरुंद गल्लीत दाटीने वसलेली चहागृहे. रंगीत फरशा, बुटकी मेजे आणि पुदिन्याचा गोड हिरवा चहा यांमुळे ती मुस्लिम राजवटीचा अवशेष वाटतात. प्रत्यक्षात तसे नाही. ग्रानादावरील नासरी या मुस्लिम घराण्याची सत्ता १४९२ मध्ये संपली, ख्रिस्ती झालेल्या मुस्लिमांच्या वंशजांना १६०९–१४ या काळात हद्दपार केले गेले, आणि हा चहा खुद्द मोरोक्कोत रुजला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. अल्हाम्ब्रा राजवाड्यातील नासरी सुलतानांना तो ठाऊक असणे शक्यच नव्हते. ही चहागृहे विसाव्या शतकाच्या अखेरीस मोरोक्कन स्थलांतरितांनी आणि इस्लाम स्वीकारलेल्या स्पॅनिश लोकांनी थाटली.

मग हा केवळ पर्यटकांसाठीचा देखावा ठरतो का? सजावटीपुरता आक्षेप रास्त आहे. पण चहा पाजणारा समाज खरा आहे. २००३ मध्ये याच अल्बाइसिनमध्ये नवी मशीद उघडली. शिवाय अस्सलपणा वयावर मोजणे चुकीचे. सेव्हिया शहरातील ‘एल रिंकोन्सियो’ हा तापास (पेयासोबतच्या खाद्याच्या छोट्या बश्या) देणारा बार १६७० चा मानला जातो, तरी त्याचे मोल जिवंत रिवाजात आहे: ग्राहक उभ्यानेच पालक-हरभऱ्याची छोटी बशी संपवतात आणि हिशेब खडूने लाकडी फळीवर मांडला जातो. ग्रानादातील बारमध्ये तर पेयासोबत अशी बशी बहुधा मोफत मिळते. चहागृहांचा जिवंत रिवाज मात्र वेगळा: तेथे सहसा मद्य नसते.