छायाचित्रापासून अंकीय ठशापर्यंत : बाल लैंगिक शोषणाच्या पुराव्याचा इतिहास

१९९१ साली गोव्यात मडगाव येथे फ्रेडी पीट्स यास अटक झाली. अनाथ मुलांसाठी 'गुरुकुल' चालविणारा हा गृहस्थ समाजात परोपकारी म्हणून ओळखला जात असे. त्याच्याकडे २,३०५ अश्लील छायाचित्रे व अनेक निगेटिव्ह सापडल्या. शीला बारसे यांनी या प्रकरणाचा नेटाने पाठपुरावा केला आणि १९९६ साली पीट्स यास जन्मठेप झाली. हा पुरावा कागदाचा व फिल्मचा होता. तो मोजता येत होता, मोहोरबंद करता येत होता.

डिसेंबर २००० मध्ये मुंबईत एका स्विस दांपत्यास अटक झाली, तेव्हा छायाचित्रे लॅपटॉपमध्ये होती. अंकीय चित्राची प्रत मूळ चित्राइतकीच अस्सल असते. साहजिकच एक यंत्र जप्त केल्याने तिचा प्रसार थांबत नाही आणि पीडित बालकाची अप्रतिष्ठा प्रत्येक प्रतीबरोबर नव्याने होत राहते.

या पेचावर संगणकशास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे २००९ साली मायक्रोसॉफ्ट व डार्टमथ महाविद्यालयाचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी विकसित केलेले 'फोटोडीएनए'. यापूर्वीच्या पद्धतीत चित्राचा एक बिंदू बदलला तरी त्याची सांकेतिक संख्या पूर्णतः बदलत असे. नव्या पद्धतीत चित्र प्रथम कृष्णधवल करून ठरावीक आकारात आणले जाते, त्याचे चौकोन पाडले जातात व प्रत्येक चौकोनातील छटांच्या चढउतारावरून संख्यामाला तयार होते. त्यामुळे आकार लहानमोठा केला तरी चित्र ओळखू येते. या संख्यामालेस ठसा म्हणणे सयुक्तिक ठरेल. (१८९७ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या अंगुलिमुद्रा केंद्राची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.)

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब २००९ साली अंमलात आले. २०१९ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राशी करार केला आणि तेथे जमा होणारी माहिती राज्यांच्या पोलिसांकडे येऊ लागली. तिच्या आधारे महाराष्ट्र सायबर विभागाने २०२० मध्ये 'ऑपरेशन ब्लॅकफेस' ही मोहीम राबविली. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील गुन्ह्याचा पहिला सुगावाही आता सातासमुद्रापलीकडून लागू शकतो.

तथापि या संशोधनाची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. ठसा जुळतो तो पूर्वी नोंदलेल्या चित्राचाच. काल घेतलेल्या छायाचित्राची नोंद कोणत्याही संग्रहात नसते. ते प्रथम कोणीतरी पाहावे व कळवावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेने नवी चित्रे हुडकण्याचे प्रयत्न चालू असले, तरी संशयित चित्राची अंतिम शहानिशा माणसालाच करावी लागते.