पट, प्रत आणि पाठभेद : मोक्षपटापासून संगणकीय नकाशापर्यंत

मराठी साहित्येतिहासाने हस्तलिखित परंपरेचा विचार प्रामुख्याने 'प्रत' आणि 'पाठ' या संकल्पनांच्या आधारे केला आहे. मूळ पाठ कोणता, प्रक्षिप्त भाग कोणता, कर्ता कोण, हे प्रश्न त्यातून उद्भवले आणि त्यांची उत्तरे शोधताना संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु ज्या संहितांना असा एक मूळ पाठ संभवत नाही, किंबहुना फेरबदल हीच ज्यांची जीवनरीत असते, त्यांना या चौकटीत जागा मिळाली नाही. मोक्षपट ही अशी एक संहिता होय. गेल्या तीन दशकांत संगणकीय खेळांच्या क्षेत्रात खेळणाऱ्यांनी स्वतः नकाशे रचून ते एकमेकांना देण्याची जी रीत रुजली, तिच्या उजेडात मोक्षपटाकडे नव्याने पाहता येते. 'हे कोणी रचले?' आणि 'हे बदलण्याचा अधिकार कोणाला?' हे दोन प्रश्न आपण एकच समजत आलो. ते वेगळे केल्याखेरीज या दोन्ही संहितांचा इतिहास लिहिता येणार नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१

मोक्षपट म्हणजे आजच्या सापशिडीचे पूर्वरूप. जन्म या घरापासून मोक्ष या घरापर्यंतचा प्रवास, कवड्यांचे दान, वर नेणाऱ्या शिड्या आणि खाली ओढणारे साप, अशी त्याची रचना असते. सत्संग, दया, सद्बुद्धी या शिड्या. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे साप. घराघरांत नावे आणि काही पटांवर ओव्याही लिहिलेल्या असतात. ज्ञानेश्वरांनी भावंडांचे मन रमावे म्हणून हा खेळ रचला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील मोक्षपटांकडे वा. ल. मंजूळ यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले; पुढे याकोब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात पश्चिम भारतातील अशा पटांचा सविस्तर अभ्यास केला. आज हाती असलेले पट मुख्यतः अठराव्या व त्यानंतरच्या शतकांतील आहेत. ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा. म्हणजे परंपरेने सांगितलेला कर्ता आणि हाती असलेली वस्तू यांच्यात काही शतकांचे अंतर आहे.

हे अंतर पाहून आपली समीक्षा दोनच वाटा जाणते. श्रद्धेच्या बाजूने कर्तृत्व मान्य करायचे, किंवा पुराव्याच्या बाजूने ते नाकारायचे. दोन्ही वाटांनी पटापासून आपण दूरच जातो. कारण पटावर दिसते ते निराळेच. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असे दिसते, की या खेळाचे जैन पट सामान्यतः ८४ घरांचे, वैष्णव पट ७२ घरांचे, तर सूफी वळणाचे पट १०० घरांचे आहेत. गुजरात-राजस्थानात ज्ञानबाजी वा ज्ञानचौपड, तमिळ प्रदेशात परमपद सोपान पट, नेपाळात नागपाश, अशी त्याची नावे बदलतात. नियम मात्र जवळजवळ तेच राहतात. दान टाकावे, सोंगटी सरकवावी, सापाने गिळले की उतरावे, शिडी लागली की चढावे. नियम स्थिर आणि भूगोल बदलता, हे या संहितेचे मूलतत्त्व आहे. प्रत्येक संप्रदायाने आपली विश्वरचना त्याच चौकटीत मांडली. कोणता दोष किती खाली नेतो आणि कोणता गुण किती वर चढवतो, हे ठरवणे म्हणजे भाष्य करणे होय. पट उतरवून घेणारा लेखनिक येथे आपोआप भाष्यकार होतो.

२

याच्या उलट टोकाचे उदाहरण मराठवाड्याच्याच भूमीवर सापडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, पैठण येथे ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणीही आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. मराठीतील पाठचिकित्सेचा हा आरंभ मानला जातो आणि तो यथार्थ आहे. परंतु त्या ताकदीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ओव्या घालण्याची रीत सर्वत्र चालू होती, म्हणूनच ती ताकीद द्यावी लागली. एकनाथांनी एका ग्रंथाभोवती कुंपण घातले. त्या कुंपणाबाहेर फेरबदलाचे जग तसेच चालू राहिले.

एकनाथांचे समकालीन दासोपंत यांनी अंबाजोगाईला पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. लांबलचक कापडावर ओव्या आणि आकृत्या मांडून त्यांनी तत्त्वविचाराला दृश्य रूप दिले. पासोडी वाचणाऱ्याला पाने उलटायची नसतात. नजर कापडावरून फिरवायची असते. तत्त्वज्ञान अवकाशात मांडता येते, हे भान या प्रदेशात होते, याचा तो पुरावा आहे. मात्र पासोडी एकमेव आहे आणि तिचा कर्ता निर्विवाद आहे. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत बहुगुणित झाली, पण बदलू नये म्हणून. मोक्षपट बहुगुणित झाला आणि बदलतही राहिला. एकाच संस्कृतीत संहितेविषयीच्या या तीन भिन्न नीती नांदत होत्या. आपल्या साहित्येतिहासाने यांपैकी पहिल्या दोहोंचीच दखल घेतली.

३

तिसऱ्या नीतीचा ऱ्हास कसा झाला, हे थोडक्यात सांगता येते. १८९२ मध्ये लंडनच्या एफ. एच. एअर्स यांनी सापशिडीचा पट बाजारात आणला. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांऐवजी घसरगुंड्या घातल्या. प्रारंभीच्या इंग्रजी पटांवर गुणदोषांची नावे टिकून होती. पुढे ती गळाली आणि घरांत आकडे उरले. जुन्या पटांत सापांचे पारडे जड असे. नव्या पटांत साप आणि शिड्या बहुधा समसमान झाल्या. संसार कठीण आहे हे विधान जाऊन नशीब समन्यायी आहे हे विधान आले. छापील पटाची प्रत्येक प्रत सारखी असल्याने उतरवून घेणारा हात अनावश्यक ठरला आणि खेळणारा केवळ ग्राहक झाला. त्यानंतर सापशिडीला आपण मुलांचा खेळ म्हणू लागलो, यात नवल नाही.

४

संगणकीय खेळांत हा हात परत आला. १९९३ च्या 'डूम' या खेळाची रचनाच अशी होती, की त्याचे नकाशे मूळ प्रणालीपासून वेगळ्या फायलींत राहत. वर्षभरात खेळाडूंनी नकाशे रचण्याची साधने तयार केली. २०११ मध्ये पूर्णरूपात प्रसिद्ध झालेला 'माइनक्राफ्ट' हा स्वीडनमधील मोजांग कंपनीचा खेळ या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. त्यातील जग चौकोनी ठोकळ्यांचे. काहीही फोडावे, काहीही रचावे. इंग्रजीत अशा खेळांना मुलांच्या वाळूच्या हौदावरून सँडबॉक्स म्हणतात. खेळणारा एखादे जग रचतो, त्यात कोडी, संवाद, वाटा, सापळे योजतो आणि ते जग फाइलीच्या रूपाने इतरांना देतो. घेणारा ते खेळतो, कधी त्यात भर घालून पुढे देतो.

येथे एक विरोधाभास लक्षणीय आहे. सर्व काही मोडता येण्याच्या जगात कथा सांगणे अवघड असते. वाचक भिंत फोडून शेवटाशी पोहोचला, तर कथेचा क्रम कोसळतो. म्हणून २०१२ मध्ये या खेळात साहसरीतीची सोय झाली. तीत रचनाकाराने मुभा दिल्याखेरीज खेळणाऱ्याला ठोकळे फोडता येत नाहीत. मुक्ततेतून जन्मलेल्या रचनेला टिकण्यासाठी मर्यादा मागावी लागली. एकनाथांच्या ताकदीमागील प्रेरणा आणि ही तांत्रिक सोय यांचे प्रयोजन भिन्न आहे. परंतु अर्थाला कुंपण लागते, ही जाणीव दोन्हीकडे आहे. एस्पन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये अशा संहितांची संकल्पना मांडली, ज्यांत वाचकाला श्रमपूर्वक वाट काढावी लागते. मोक्षपटात ही वाट कवड्या ठरवतात, नकाशात खेळणाऱ्याची निवड; तथापि दोन्ही ठिकाणी वाटांचा संभव आधी कोणीतरी आखलेला असतो.

नकाशा आखणे ही सत्तेची कृती असते, हे या भागातील वाचकास वेगळे सांगावयास नको. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. नंतर ते तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. गाव जागच्या जागी, रेषा मात्र इतरांनी हलविलेल्या. खेळाडूंच्या नकाशाचे आकर्षण यातून उलगडते. रेषा ओढण्याचा अधिकार तेथे क्षणभर तरी सामान्यांच्या हाती येतो.

क्षणभर म्हणण्याचे कारण 'वॉरक्राफ्ट ३' या खेळाच्या इतिहासात आहे. २००३ मध्ये त्याच्या रचनासाधनातून एका खेळाडूने 'डोटा' हा नकाशा केला. तो हातोहात फिरला; यूल, ग्विन्सू, आइसफ्रॉग अशा टोपणनावांच्या रचनाकारांनी त्यात क्रमाने बदल केले. नकाशाचे नाव टिकले, हात बदलत गेले. मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये म्हटल्याप्रमाणे कर्ता हे संहितांना एकत्र बांधणारे एक कार्य असते. मोक्षपटाबाबत ते कार्य ज्ञानेश्वरांच्या नावाने केले, येथे ते नकाशाच्याच नावाने केले. परंतु २०२० मध्ये या खेळाची सुधारित आवृत्ती काढताना ब्लिझर्ड कंपनीने खेळाडूंनी रचलेल्या नकाशांची मालकी आपली राहील, अशी तरतूद नियमावलीत केली. मोजांगच्या नियमांत मूळ रचना रचनाकाराचीच राहते. मात्र ती इतरांना उपलब्ध करताच वापराची मुभा कंपनीलाही मिळते.

५

आता आरंभीचे दोन प्रश्न समोर ठेवावेत. मोक्षपटात नाव संताचे होते, हात अनामिकांचे, आणि बदलाचा अधिकार ज्याच्याकडे कापड व शाई आहे त्या प्रत्येकाचा. आजच्या नकाशात नाव रचनाकाराचे असते, निदान टोपणनाव तरी; अधिकार मात्र कराराच्या अटींवर अवलंबून. पूर्वी कर्ता हरवला तरी परंपरा उरली. आता कर्ता ठाऊक असूनही परंपरा हरवू शकते, कारण ज्या यंत्रणेवर नकाशा चालतो ती बंद पडली की तो वाचताच येत नाही. जुन्या कापडाला वाळवी लागते, पण कापड उघडायला कोणाची परवानगी लागत नाही.

मराठी अभ्यासकांपुढील काम यातून स्पष्ट होते. जुन्या वाड्यांत, मठांत, संग्रहांत असलेल्या मोक्षपटांची घरागणिक नोंद व्हावी. कोणत्या पटात कोणता साप कुठून कुठे नेतो, हे पाठभेदांच्या काटेकोरपणाने टिपले जावे. त्याचबरोबर आपल्या विद्यार्थ्यांनी रचलेले नकाशेही, ते आज क्षुल्लक वाटले तरी, तारखेसह व आवृत्त्यांसह जपले जावेत. पटाचा मूळ कर्ता शोधण्यात आपण जितकी शक्ती वेचली, तिचा अंशही तो बदलणाऱ्या हातांच्या शोधासाठी वेचला नाही. मराठी संहितेच्या इतिहासातील हे प्रकरण त्या हातांच्या नोंदीवाचून अपुरे राहील.