न फिरणारं चाक

डोक्यावर दोन दातेरी चाकं आणि ती गरगर फिरताहेत, असं रोटिफर हा पाण्यातला सूक्ष्म प्राणी भिंगाखाली पाहणाऱ्या कुणालाही दिसतं. इंग्लंडमध्ये जॉन हॅरिस यांनी १६९६ साली या प्राण्याची नोंद केली. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याला तो पन्हळीतल्या गाळात सापडला. गाळ वाळून धूळ झाली तरी पाणी घालताच प्राणी पुन्हा वळवळू लागतात, हे त्याने १७०२ मध्ये पत्राने कळवलं. इतक्या चिकित्सक माणसालाही चाकं खरीच वाटली!

पण जिवंत शरीराला जोडलेला अवयव एकाच दिशेने फिरत राहील कसा? स्नायू, नसा सगळं पिळवटून जाईल. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये फिरत्या दातेरी चाकांमुळे होणाऱ्या दृष्टिभ्रमांवर लिहिताना या प्राण्याचाही विचार केला. चाक मुळात नाहीच. तोंडाभोवतीचे बारीक रोम एकामागोमाग एक वाकतात, त्यांची लाट कडेने धावते आणि आपल्याला दाते सरकल्यासारखे दिसतात. त्याच लाटेने पाण्याला भोवरा येतो आणि शेवाळाचे कण तोंडाशी ओढले जातात.

चाकंच भ्रम ठरली, मग रोटिफरांची आणि त्यांच्या जातींची ओळख पटवायची कशावरून? सूक्ष्मजीवांचे अभ्यासक एरेनबर्ग यांनी १८३८ च्या ग्रंथात रोटिफरांना एकपेशीय जिवांच्या पंगतीला बसवलं होतं, जरी यांना मेंदू, आतडं, अंडाशय सगळं असतं. कवचावरचे काटे सोयीचे, पण बेभरवशाचे. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसचंच पाहा: पाण्यात ॲस्प्लांक्ना हा शिकारी रोटिफर असला, की त्याच्या नुसत्या स्रावाने याच्या पुढच्या पिढीला मागचे लांब काटे फुटतात. जात तीच, रूप वेगळं.

खरी किल्ली घशात निघाली. तिथल्या मांसल पिशवीत कठीण जबडे असतात. फिलिप गॉस यांनी १८५६ मध्ये त्यांची गटवार तुलना केली. शेवाळ दळणाऱ्याचे जबडे रुंद आणि खाचदार, ॲस्प्लांक्नाचे चिमट्यासारखे. आजही काचपट्टीवर ब्लीचचा थेंब सोडतात. शरीर विरघळतं, जबडे उरतात.

डेलॉइड या रोटिफरांच्या गटापुढे मात्र हा उपाय अपुरा पडतो. यांचे जबडे एकमेकांशी फार मिळतेजुळते, आणि फॉर्मॅलिन लागलं की प्राणी आक्रसून नुसता गोळा होतो. ते जिवंतपणीच, चालताना-पोहताना ओळखावे लागतात. म्हणून तळ्यांच्या कित्येक याद्यांत जातीचं नाव न देता फक्त ‘डेलॉइड’ एवढंच लिहिलेलं आढळतं.